उकडीचं भूत

आमच्या घरात एकही धड पांढरी चादर नाही, हे मला २९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री साडेदहा वाजता कळलं.

तोवर मी निर्धास्त होतो. सात वर्षांच्या सईने त्या वर्षीच्या हॅलोविनला 'साधं भूत' व्हायचं ठरवलं होतं. साधं भूत म्हणजे एक चादर आणि दोन भोकं. शिवण नाही, रंग नाही, खर्च नाही. आधीच्या दोन वर्षांत माझे झालेले हाल बघून पोरीला बापाची दया आली असावी, अशा समजुतीत मी महिनाभर इतर बापांकडे जरा वरच्या पायरीवरून बघत होतो.

हाल मी स्वतःच ओढवून घेतले होते. सप्टेंबर लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या गावात एखादं बंद पडलेलं दुकान दोन महिन्यांपुरतं जिवंत होतं. आत भिंतभर पिशव्या टांगलेल्या. प्रत्येक पिशवीवर कारणाशिवाय खूश असलेल्या एका मुलाचा फोटो. राजकन्या ३५ डॉलर, अंतराळवीर ४०. सई चार वर्षांची असताना आम्ही अंतराळवीर घेतला. कापड म्हणजे पतंगाच्या कागदाचं धाकटं भावंड. त्या संध्याकाळी थंडी मी म्हणत होती, म्हणून अंतराळवीरावर जाड जाकीट चढलं, वर कानटोपी, तिच्यावर मफलर. सगळ्या गल्लीने जाकीट पाहिलं. ४० डॉलरचा अंतराळवीर आतल्या आत चंद्रावर जाऊन आला आणि रात्री झोपताना गुडघ्यात फाटला. तेव्हाच मी जाहीर केलं, की इथून पुढे पोशाख घरी होणार. 'घरी होणार' या वाक्यात करणारा कोण ते आलेलं नाही, हे बायकोने तिथल्या तिथे दाखवून दिलं.

पहिल्या वर्षी वॉशिंग मशीन केलं. शेजाऱ्यांकडे नवा मायक्रोवेव्ह आला होता, त्याचं खोकं फुकट मिळालं. वर डोक्याला भोक, बाजूला हातांना भोकं, पुढे गोल उघडतं दार, आत चिकटवलेले दोन मोजे, बटणांच्या जागी बाटल्यांची झाकणं. खोटं कशाला बोलू, फार देखणं झालं होतं. मग सई त्यात शिरली. हात कोपरापासून पुढेच बाहेर येत होते, त्यामुळे कुणी चॉकलेट पुढे केलं तर ते घेता येईना. तेव्हा लोक आपणहून गोल दार उघडून आत चॉकलेटं टाकू लागले. एका आजोबांनी दार लावून घेत 'थंड पाणी की गरम?' असं विचारलं. इथवर ठीक होतं. पण त्याआधी सकाळी शाळेच्या मिरवणुकीला जाताना मशीन गाडीच्या सीटवर बसेना. मुलगी मागच्या सीटवर, मशीन डिकीत, आणि डिकीच्या झाकणावर आपटलेली माझी कोपरं, अशी आमची वरात गेली.

दुसऱ्या वर्षी द्राक्षांचा घड. हिरवा पायजमा, हिरवा स्वेटशर्ट आणि त्यावर पिनांनी लावलेले चाळीस हिरवे फुगे. फुगा आणि सेफ्टी पिन या दोन वस्तू एकत्र आणायची कल्पना ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आली, त्याला मूल नसणार. असलंच तर ते कधी खाली बसत नसणार. पिन फुग्याच्या गाठीपलीकडच्या शेपटीतून घालायची असते, हे मला नवव्या फुग्याला समजलं. कुंपणाच्या झुडपांनी पाच खाल्ले, एका कुत्र्याने दोन, बाकीचे मैत्रिणींनी मिठ्या मारून संपवले. तासगावची द्राक्षं म्हणून घरातून निघालेली मुलगी बेदाणा होऊन परत आली.

आता हिशोब. ग्लू गन १२ डॉलर, तिच्या कांड्या ४, पांढरा रंग ९, तो संपल्यावर परत ९, ब्रश ६, बोटाला भाजलं त्याचं मलम ७, फुगे दोनदा मिळून १०. दोन शनिवार धरलेच नाहीत. ऑफिसात माझ्या शनिवाराला कुणी भाव देत नाही, तर घरी कोण देणार? त्यात न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही आणि पोशाख कपड्यांतच धरतात. गोंदावर आणि रंगावर मात्र ६.६२५ टक्के. दुकानातून आयता अंतराळवीर आणणाऱ्याला सरकारची सूट, आणि रात्री जागून पुठ्ठा कापणाऱ्याला दंड. कर खात्यात कुणीतरी माझं वॉशिंग मशीन पाहिलेलं असावं.

पण या खुळात मी एकटा नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन या कागदवाल्या कंपनीने १९०९ साली 'बोगी बुक' नावाचं पुस्तक काढलं होतं. हॅलोविनला घर कसं सजवावं, काय घालावं, सगळं त्यात असे आणि ते सगळं क्रेप पेपरचं करावं असा प्रेमळ आग्रह असे. क्रेप पेपर अर्थातच कंपनीचा. म्हणजे कागदाचा झगा घालून मेणबत्ती पेटवलेल्या भोपळ्याभोवती नाचायचं. त्या पिढीच्या धैर्याला माझा दंडवत. पुढे १९४० च्या दशकात मुलांचे झुबकेदार काउबॉय पोशाख खरोखरच पेटून अपघात झाले, आणि १९५३ साली भडकणाऱ्या कापडांविरुद्ध कायदा आला.

आयत्या पोशाखांचंही एक सुवर्णयुग होऊन गेलं. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेली बेन कूपर कंपनी खोक्यातून पोशाख विकायची. प्लॅस्टिकचा पातळ मुखवटा आणि एक डगला. गंमत अशी, की डगल्याच्या छातीवर त्याच पात्राचं नाव आणि चित्र छापलेलं असे. आता विचार करा, खरा स्पायडरमॅन छातीवर स्वतःचा फोटो लावून हिंडेल का? पण मला आज त्या कंपनीचं शहाणपण पटतं. मूल काय झालंय हे बघणाऱ्याला कळण्याची शक्यता किती कमी असते, याचा अंदाज तिला आधीच आलेला होता. माझ्या वॉशिंग मशीनला तीन घरांनी 'वा, रोबो!' म्हटलं.

घरगुती पोशाखाचा एकच निखळ फायदा मला सापडला, तोही कादंबरीत. हार्पर लीच्या १९६० च्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मधली छोटी स्काउट हॅलोविनच्या कार्यक्रमात खारवलेल्या डुकराच्या मांडीची भूमिका करते. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून त्यावर तपकिरी कापड चढवलेलं. रात्री परतताना तिच्यावर चाकूहल्ला होतो आणि त्या जाळीमुळे पोर वाचते. हा दाखला मी बायकोला दिला. ती म्हणाली, "आपल्या गल्लीत लोक चॉकलेटं वाटतात. तू जाळी आणायची नाहीस."

तर ते साधं भूत.

त्या वर्षी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आई म्हणजे चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि चौतीसही वर्षं गॅदरिंगमधली वेशभूषा स्पर्धा तिच्याच गळ्यात. जानेवारीत सगळ्या शाळांची गॅदरिंगं एकदम आल्यामुळे ड्रेपरीवाल्याकडचे शिवाजी महाराज संपले, तर उरलेल्या पोरांचे दोन तासांत मावळे करून देणारी बाई. तिचा नियम एकच. रूप कुठलंही घ्या, स्टेजवर येऊन दोन वाक्यं बोलली पाहिजेत. मी पहिलीत असताना तिने मला झाड केलं होतं. अंगभर आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, त्यातल्या लाल मुंग्यांसकट. "मी झाड आहे" हे पहिलं वाक्य मी नीट म्हटलं. "मला तोडू नका" हे दुसरं वाक्य प्रेक्षकांना ऐकू आलं नाही, कारण तोवर झाड विंगेत पळालं होतं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, कंपासपेटी.

हॅलोविन हे प्रकरण आईला पहिल्यापासूनच संशयास्पद वाटत होतं. "मुद्दाम भूत करायचं? चांगल्या पोरीला?" मी तिला आयर्लंड, स्कॉटलंड, सगळं समजावलं. सुगी संपली की तिकडे साविन नावाचा सण असायचा, त्या रात्री मेलेली माणसं परत येतात असं मानायचे, आयरिश लोकांनी एकोणिसाव्या शतकात ही चाल अमेरिकेत आणली, तिकडे ते सलगम कोरून दिवा लावायचे, इथे भोपळा मिळाला.

"म्हणजे सर्वपित्री," आई म्हणाली. "मग मेलेल्यांना जेवायला घालायचं सोडून पोरांना दारोदार मागायला कशाला पाठवतात?"

"मागायला नाही गं. आपल्याकडे संक्रांतीला पोरं तिळगुळ घ्यायला हिंडतात तसं."

"तिळगुळ घेताना धमकी देत नाहीत. आणि काय रे, भुतं अवसेला येतात. ही तारीख बघून येणारी कसली भुतं?"

हा मुद्दा बिनतोड होता. पण आईने स्वतःच भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिची पंचाईत झाली. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावरून भारतभर वाद पेटला होता. आईच्या पंचांगात १ तारीख होती, इथल्या देवळाच्या पत्रकात ३१. तिने मला तास-मिनिटांचं गणित घालायला लावलं. अमावास्या लागणार होती भारतात ३१ ला दुपारी चारच्या आत, म्हणजे न्यू जर्सीत पहाटे साडेसहाच्या आत. इथला सबंध ३१ ऑक्टोबर, रात्रीसकट, अस्सल अवस! अमेरिकेच्या भुतांनी तिथी पाळलेली बघून आई क्षणभर गप्प झाली. मग तिला दुसरीच धडकी भरली. "म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाला घरची लक्ष्मी भूत होऊन लोकांच्या दारात उभी राहणार?"

हा प्रश्न अनिर्णित ठेवून मी चादर शोधायला माळ्यावर गेलो होतो.

इथे चादरी जोडीने मिळतात. एक सपाट, अंगावर घ्यायची, आणि एक कडेने इलॅस्टिक असलेली, गादीला टोपीसारखी घालायची. आमची सपाट पांढरी चादर गणपतीत मखराच्या मागे लावली होती. तिच्यावर हळद, अष्टगंध आणि पंचामृताचा एक नकाशा उमटला होता. हे भूत नांदायला चाललंय असं वाटलं असतं. आईने आणलेली सोलापुरी चादर होती, मोरांची. ती पांघरली तर सई वजनानेच खरी भूत झाली असती. राहिली ती इलॅस्टिकवाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सईला दिवाणखान्यात उभी करून मी ती तिच्यावर घातली आणि अंदाजाने डोळ्यांच्या जागी खुणा करून कात्री चालवली. चादर काढून पाहिलं तर दोन भोकांमध्ये वीतभर अंतर. म्हशीला शोभले असते असे डोळे. पुन्हा दोन पाडली. ती नाकाखाली आली. १९६६ साली टीव्हीवर आलेल्या चार्ली ब्राउनच्या हॅलोविनपटात त्या बिचाऱ्या पोराच्या चादरीला अशीच चाळण झालेली असते, आणि घरोघरी इतरांना चॉकलेटं मिळतात तेव्हा त्याला दगड मिळतात. तो विनोद आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो.

त्यात इलॅस्टिक. सपाट चादरीचं भूत हवेत तरंगल्यासारखं दिसतं. आमच्या भुताची खालची कड घोट्यांशी गोळा होऊन आत वळली होती, मध्ये हवा भरून पोट सुटलं होतं आणि वर डोक्याचं टोक. सई चार पावलं लुटुलुटु चालली. बायको स्वयंपाकघरात पळाली, हसणं दिसू नये म्हणून.

आई सोफ्यावर चष्मा पुसत बसली होती. तिने चष्मा लावला, पाहिलं, आणि म्हणाली, "अगं बाई, मोदक!"

आतून आवाज आला, "कुठाय?"

पुढचा दीड तास मला कुणी विचारलं नाही. आईने सुईदोरा मागवला. आमच्याकडे शर्टाची बटणं लावायचा हॉटेलातला फुकट डबा होता, त्यावर तिने भागवलं. माझी चारही भोकं तिने कळ्यांच्या घडीत अशी गडप केली की शोधून सापडू नयेत. डोक्यावर कापड गोळा करून धावदोरा घातला, एकेक कळी चिमटीत धरून शिवली आणि टोकाला शेंडी काढली. चेहऱ्यापुरती एकच गोल खिडकी. जुन्या उशीतला कापूस कमरेभोवती सारण म्हणून भरला. शेंडीवर केशराची काडी म्हणून नारिंगी लोकरीचा धागा. "कळ्या किती?" बायकोने विचारलं. "एकवीस," आई म्हणाली, "आणि तू मोजू नकोस." सईने आरशात पाहिलं आणि भूत हा विषय त्या घरात कायमचा संपला. लक्ष्मीपूजनाला गणपतीचा मोदक चालतो का, यावर आईने स्वतःच निकाल दिला, चालतो.

पोशाखाचा खर्च शून्य. चादरींचा नवा जोड ४८ डॉलर. हा आकडा बायकोने फ्रीजवर लिहून ठेवला आहे.

३१ तारखेला सईला मोदकात घातल्यावर आईने पुढची मागणी केली. एवढं गोड ध्यान अवसेच्या रात्री बाहेर पडणार, दृष्ट काढायलाच हवी. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या ओवाळल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत तापलेल्या तव्यावर टाकल्या. पाचव्या सेकंदाला छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. मी स्टुलावर चढून टॉवेल हलवतोय, बायको खिडक्या उघडतेय, मोदक कानांवर हात ठेवून गोल गोल फिरतोय, सगळे खोकतोय. आई मात्र समाधानाने म्हणाली, "एवढा ठसका आला ना? म्हणजे जराही लागलेली नव्हती."

दारात दृश्य असं, की वर आकाशकंदील, खाली रांगोळी, शेजारी दात विचकणारा भोपळा आणि बायकोने त्यात ठेवलेली पणती. समोरच्या घरातल्या बाईंनी कंदिलाकडे बघून आमच्या हॅलोविनच्या सजावटीचं मनापासून कौतुक केलं. आईला दारात खुर्ची टाकून चॉकलेटं वाटायला बसवलं. तिला शंकरपाळ्या वाटायच्या होत्या. इथे मुलांना फक्त कारखान्यात बंद केलेल्या पुड्या देतात, घरी केलेलं आईबाप फेकून देतात, हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "घरचं नको? आणि हे दुकानातलं चालतं?" पहाटेपासून तिने सोवळ्यात सगळा नैवेद्य केला होता, कांदा-लसणाला त्या दिवशी घरात हातही लागला नव्हता, आणि तिच्या शंकरपाळ्यांवर ही शंका! "सातच्या आत परत या. पूजा खोळंबलीय," एवढंच म्हणाली.

त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळपास पडलाच नव्हता, आणि हॅलोविनची संध्याकाळ मे महिन्यासारखी गरम निघाली. जाकिटाची गरज नव्हती. पोशाख लोकांना दिसणार होता. फक्त उशीचा कापूस कमरेला गुंडाळलेला मोदक आतून खरोखरच उकडत होता.

आईच्या नियमाप्रमाणे सईने दोन वाक्यं पाठ केली होती, इंग्रजीत. मी मोदक आहे. मी गणपतीला फार आवडतो. पहिल्या घरी ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "वा, डंपलिंग!" तिथले काका म्हणाले. दुसऱ्या घरी कांदा. तिसऱ्या घरी मोमो. चौथ्या घरातल्या तमिळ आजींनी "कोळुकट्टै!" म्हणून दोन्ही गाल धरले. मोदक ओळखणारं गल्लीतलं ते एकमेव घर, भाषा तेवढी वेगळी. पाचव्या घरापासून मात्र लोकांचं एकमत होत गेलं. पांढरी, गोल, खाली फुगीर, वर निमुळतं टोक, आणि अंगावर पाकळ्यांच्या रेघा. गार्लिक! किती कल्पक! सई चिडायला लागली. दोन वाक्यांत तिने तिसरं घातलं, मी लसूण नाही आहे. कुणी ऐकेना.

नवव्या घरासमोर एक ड्रॅक्युला आला. आठेक वर्षांचा, काळी केप, प्लॅस्टिकचे सुळे, हनुवटीवर केचप. ब्रॅम स्टोकरने १८९७ साली लसणीची फुलं लावून ज्याला रोखू पाहिलं त्या घराण्यातला. त्याने सईकडे पाहिलं, सुळे तोंडातून काढले, "गार्लिक!" अशी किंकाळी फोडली आणि सुळे परत घालून हिरवळीवर उताणा पडला. तंगड्या झाडल्या. मेला.

सई थबकली. तिने त्याच्याकडे एक पाऊल टाकलं. तो उठून किंचाळत पळाला आणि पुढच्या झाडाखाली पुन्हा मेला. पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ, तो वटवाघूळ होता, तोही मेला. दहा मिनिटांत गल्लीतले चार ड्रॅक्युला आमच्यामागे लागले, म्हणजे आमच्यापुढे पळू लागले, आणि एकवीस कळ्यांचा मोदक घोट्यांवरचं इलॅस्टिक सावरत त्यांच्या मागे. पुढच्या घरी दार उघडलं तेव्हा सईने कुणी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, "मी लसूण आहे. मला सगळे घाबरतात."

सव्वासातला आम्ही परतलो. पायऱ्यांवर रांग लागली होती. आई खुर्चीत ताठ बसली होती आणि तिच्यासमोर एक बॅटमॅन हात मागे बांधून, काहीतरी दोन वाक्यं म्हणत होता. मागे दोन चेटकिणी ओठांतल्या ओठांत पाठांतर करत होत्या. बॅटमॅनचं झाल्यावर आईने मराठीत "मोठ्याने बोलायचं, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे" असं बजावून त्याला दोन चॉकलेटं दिली. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने तीच दोन वाक्यं पुन्हा ओरडून म्हटली.

सई धावत गेली. "आज्जी, मी जिंकले! सगळे मला घाबरले! आज्जी, मी मोदक नाहीच आहे, मी लसूण आहे!"

आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आत चौरंगावर मांडलेल्या पूजेकडे, झाकून ठेवलेल्या नैवेद्याकडे. मग माझ्याकडे.

"लसूण?" ती म्हणाली. "आज? काढ रे तिला बाहेरच."